शत्रूचं चित्र काढताना

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली त्या सुमारास, म्हणजे १९१७च्या आसपास, हॅरी हॉप्स नावाच्या चित्रकाराने सैन्यभरतीसाठी एक पोस्टर काढलं. समुद्र ओलांडून आलेला अजस्र गोरिला अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाय रोवून उभा आहे. डोक्यावर टोकदार जर्मन शिरस्त्राण, तोंडावर कैसरसारख्या, म्हणजे जर्मन सम्राटासारख्या, वर वळवलेल्या मिशा, एका हातात रक्ताळलेला सोटा, दुसऱ्या हाताने आवळून धरलेली अर्धनग्न गोरी स्त्री. मागे, पाण्यापलीकडे, उद्ध्वस्त युरोप. आणि ठळक अक्षरांत हुकूम : या पिसाळलेल्या जनावराचा नाश करा. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा नाझी प्रचारखात्याने हेच पोस्टर पुन्हा छापलं, पण स्वतःच्या जनतेसाठी. पंचवीस वर्षांपूर्वी शत्रूने आपल्याविषयी असं लिहिलं होतं आणि जनावर म्हणजे जर्मन जनताच त्याच्या मनात होती, एवढा मजकूर सोबत जोडला. मूळ चित्र बदलण्याची गरजच पडली नाही.

मला या दुसऱ्या वापराचं महत्त्व पहिल्याहून अधिक वाटतं. हॉप्सला कदाचित जर्मन लष्करशाहीच दाखवायची असेल. शिरस्त्राणावर त्याने ‘मिलिटरिझम’ असा शब्द लिहिलाही आहे. पण तो शब्द वाचायला पोस्टरच्या जवळ जावं लागतं. गोरिला लांबूनच दिसतो. आणि ज्याने तो लांबून पाहिला त्याच्या मनात कैसरचं धोरण, बेल्जियमवरचं आक्रमण, पाणबुड्यांचं युद्ध यातलं काहीच राहत नाही. राहतो तो एक प्राणी. त्या प्राण्याशी तह करता येत नाही, त्याच्यावर खटला भरता येत नाही, त्याच्यातला अपराधी आणि निरपराध वेगळा काढता येत नाही. म्हणूनच ते चित्र जर्मनांना पुन्हा चिथावायला इतकं सहज उपयोगी पडलं.

युद्धात शत्रूचं चित्र काढूच नये असं माझं म्हणणं नाही. आक्रमक हा आक्रमक असतो आणि तसं दाखवणं चित्रकाराचं, छायाचित्रकाराचं कामच आहे. पण शत्रूने काय केलं हे दाखवणारं चित्र आणि शत्रू जन्मानेच काय आहे हे ठरवून टाकणारं चित्र, या दोहोंत मोठी दरी आहे. पहिलं पुराव्याला बांधलेलं असतं. दुसऱ्याला पुराव्याची गरजच नसते. आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे दुसऱ्या जातीचं चित्र ज्यांनी काढलं, त्यांच्याच माणसांवर ते पुन्हापुन्हा उलटलेलं दिसतं.

बेल्जियमचंच पाहू. ऑगस्ट १९१४मध्ये जर्मन सैन्य त्या तटस्थ देशात घुसलं आणि त्याने जे केलं ते भयंकर होतं. दिनां या गावात ६७४ नागरिक मारले गेले. लूव्हें शहर पेटवलं गेलं आणि तिथल्या विद्यापीठाचं शतकानुशतकं जपलेलं ग्रंथालय जळून गेलं. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्स मिळून सुमारे साडेसहा हजार नागरिक त्या काही आठवड्यांत जर्मन सैनिकांच्या हातून मेले. यातला प्रत्येक मृत्यू खरा होता, बहुतेकांची नावं, तारखा, ठिकाणं उपलब्ध होती. पण पोस्टरवर आणि व्यंगचित्रांत सर्वांत जास्त काय गाजलं? मनगटापासून हात छाटलेली बेल्जियन मुलं. संगिनीवर टोचलेली अर्भकं. हात छाटलेल्या मुलाचं एकही विश्वसनीय उदाहरण पुढे सापडलं नाही. १९१७च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्यावर कडी केली : जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात, अशी बातमी छापली. १९२५मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना संसदेत हे प्रकरण मिटवावं लागलं. प्रेतांच्या कारखान्याला काही आधार नव्हता, हा जर्मनीचा खुलासा त्यांनी मान्य केला.

पुढे काय झालं, हे आजच्या प्रत्येक संपादकाने वाचायला हवं. हातांची गोष्ट खोटी निघाली, तशी दिनांची खरी गोष्टही लोकांनी त्याच टोपलीत फेकली. ‘युद्धात सगळेच असलं काही पसरवतात’ ही वृत्ती १९२० आणि ३०च्या दशकांत शहाणपणाची खूण मानली गेली. १९४३मध्ये पोलंडमधून ज्यूंना विषारी वायूने मारत असल्याचे अहवाल लंडनला पोहोचत होते, तेव्हा ब्रिटिश गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी त्यावर शेरा मारला की, या कथा मागच्या युद्धातल्या प्रेतांच्या चरबीच्या कथांची आठवण करून देतात. एका युद्धात रचलेल्या खोट्याने पुढच्या युद्धातल्या सत्याचं तोंड बंद केलं. ज्यांना त्याची किंमत मोजावी लागली त्यांचा त्या खोट्याशी काडीचाही संबंध नव्हता.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, देश जळत असताना असा तोलूनमापून विचार कुणाला परवडतो? माणसाला मरायला आणि मारायला तयार करायचं तर संताप लागतो, आणि संताप आकडेवारीने येत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. हिटलरशी लढताना तटस्थ चेहऱ्याने चित्र काढणं हाही अपराधच ठरला असता. पण त्याच काळात व्यंगचित्रकार डेव्हिड लो लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये काय काढत होता ते पाहा. त्याचा हिटलर हा हिटलरच असे : फुशारक्या मारणारा, खोटं बोलणारा, करार मोडणारा, ओळखू येणारा एक माणूस. हुकूमशहाला राक्षस म्हणून रंगवलं तर तो मनातून सुखावतो, मूर्ख म्हणून रंगवलं तर चिडतो, अशी लोची धारणा होती. ती खरीही ठरली. १९३७च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीत गेले तेव्हा नाझी नेत्यांनी त्यांच्यापाशी लोच्या चित्रांची तक्रार केली, आणि परतल्यावर हॅलिफॅक्सनी लोला सबुरीने घ्यायला सांगितलं. ब्रिटन काबीज केल्यावर कुणाला पकडायचं याची जी यादी नाझींनी केली होती, त्यात लोचं नाव होतं. गोरिला न काढताही शत्रूच्या वर्मी घाव घालता येतो, हे एवढ्यावरून कळावं.

अमेरिकेने तर दुसऱ्या महायुद्धात नकळत एक तुलनाच आपल्यापुढे मांडून ठेवली आहे. तिचे शत्रू दोन होते. जर्मनी दाखवायची तर व्यंगचित्रकार बहुतेक वेळा हिटलर काढत, गोअरिंग काढत, नाझी गणवेश काढत. ‘चांगला जर्मन’ कुठेतरी असेल याला चित्रात जागा राहत असे. जपान दाखवायचा तर एकच चेहरा : चष्मा, पुढे आलेले दात, मिचमिचे डोळे, आणि तो जनरलचाही तोच, शिंप्याचाही तोच. पर्ल हार्बरनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकाने चिनी आणि जपानी माणूस चेहऱ्यावरून कसा ओळखावा याचे सचित्र धडे छापले. आणि १३ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ या दैनिकात थिओडोर गीझल या व्यंगचित्रकाराचं एक चित्र आलं. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या तीन राज्यांतून एकाच चेहऱ्याच्या हसऱ्या माणसांची न संपणारी रांग चालत येते आहे आणि एका खोपटातून प्रत्येक जण स्फोटकांची पेटी घेऊन जातो आहे. छपरावर एक जण दुर्बीण लावून जपानच्या इशाऱ्याची वाट पाहतो आहे.

हा गीझल पुढे मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर प्रसिद्ध झाला. तो द्वेष्टा माणूस नव्हता. त्याच दैनिकात त्याने कृष्णवर्णीयांवरील अन्यायाविरुद्ध आणि ज्यूद्वेषाविरुद्ध चित्रं काढली आहेत. तरीही त्या रांगेतला प्रत्येक चेहरा सारखा काढताना त्याचा हात अडखळला नाही, कारण त्याच्या आजूबाजूच्या शेकडो चित्रांनी तो चेहरा आधीच ठरवून दिला होता. चित्र प्रसिद्ध झाल्यानंतर सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६वर सही केली. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं, शेतं, दुकानं सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. जर्मन वंशाच्या काही हजार लोकांनाही स्थानबद्ध केलं गेलं, पण माणूस बघून, संशय तपासून. संपूर्ण समाज उचलून नव्हे. १९८८मध्ये अमेरिकी सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. एका व्यंगचित्रामुळे छावण्या झाल्या असं मी म्हणत नाही. पण छावण्यांचा आदेश निघाला तेव्हा फारसं कुणाला काही खटकलं नाही, याची पूर्वतयारी अशा चित्रांनी केली होती, असं मी नक्की म्हणतो.

मार्च १९४५मध्ये अमेरिकी मरीन दलाच्या ‘लेदरनेक’ मासिकात जपानी माणूस ऊ म्हणून रंगवला गेला. टोकियोच्या आसपास या उवांची पैदास होते आणि ती ठिकाणं समूळ नष्ट केली पाहिजेत, असं सोबत लिहिलं होतं. त्याच महिन्याच्या ९ तारखेच्या रात्री टोकियोवर आगलावे बॉम्ब पडले आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली. बॉम्बफेकीचा निर्णय मासिकाने घेतलेला नव्हता, तो वेगळ्या टेबलावर वेगळ्या कारणांनी झाला. मात्र उवेचं चित्र पाहणाऱ्याला पुढे काय करायचं हे विचारावं लागत नाही. उवेचं काय करतात ते प्रत्येकाला ठाऊक असतं.

जपाननेही हेच केलं, आणि त्याची परिणती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत क्रूर वाटते. त्यांच्या चित्रांत अमेरिकन आणि ब्रिटिश हे शिंगं असलेले राक्षस होते. रूझवेल्ट आणि चर्चिल यांना लोककथांतल्या राक्षसांच्या रूपात रंगवलं जाई. अमेरिकन सैनिकाच्या हाती लागलात तर बायकांची विटंबना होईल, मुलांना मारून टाकतील, असं वर्षानुवर्षं बिंबवलं गेलं. अमेरिकेनेही त्याला हातभार लावला. मे १९४४मध्ये ‘लाइफ’ने एका तरुणीचं छायाचित्र छापलं, नौदलातल्या मित्राने भेट पाठवलेल्या जपानी सैनिकाच्या कवटीकडे पाहत ती आभाराचं पत्र लिहिते आहे. ते छायाचित्र जपानी वृत्तपत्रांत पोहोचलं. याहून मोठा पुरावा काय हवा? मग जुलै १९४४मध्ये सायपान बेट पडताना शेकडो नागरिकांनी, आयांनी कडेवर मुलं घेऊन, उत्तर टोकाच्या कड्यांवरून समुद्रात उड्या मारल्या. अमेरिकन सैनिक ध्वनिक्षेपकावरून थांबा म्हणून सांगत होते. पुढच्या वर्षी ओकिनावात जपानी लष्कराने नागरिकांना आत्महत्येसाठी हातबॉम्ब वाटले. लष्कराची जबरदस्ती तिथे होतीच. पण आईला स्वतःच्या लेकराचा जीव घेणं सोपं वाटावं इतकी भीती एका दिवसाच्या जबरदस्तीने तयार होत नाही. शत्रूचं जे चित्र लोकांना लढवण्यासाठी काढलं होतं, त्याने आपलेच लोक मारले.

नाझींनी या तंत्रात आणखी एक पायरी गाठली. त्यांनी चित्राला अनुरूप वास्तव तयार केलं. व्याप्त पोलंडमध्ये १९४१च्या सुमारास एक पोस्टर भिंतीभिंतीवर लागलं : ज्यू, उवा, टायफस. हे तीन शब्द आणि चेहऱ्यावर ऊ. टायफस म्हणजे उवांतून पसरणारा जीवघेणा ताप. आता हे पोस्टर लावणाऱ्यांनीच ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात भिंत घालून कोंडलं होतं, एका खोलीत अनेक कुटुंबं, ना साबण ना पुरेसं अन्न. टायफस तिथे पसरला, तो त्या कोंडण्याने. मग कॅमेरे आत नेले आणि त्या उपाशी, मळलेल्या माणसांचं चित्रण केलं. ज्यूंच्या दृश्यांशेजारी उंदरांच्या झुंडी लावण्याचा प्रकार तर १९४०च्या एका प्रचारपटात आधीच झाला होता. बघणाऱ्याला वाटे, कॅमेरा खोटं कसं बोलेल? कॅमेरा खोटं बोललाच नव्हता. खोटं त्याच्या आधी, भिंत घालताना झालं होतं. छायाचित्र म्हणजे पुरावा असं आजही आपण सहज मानतो, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम लांबवलं. ‘डेर श्ट्यूर्मर’ या साप्ताहिकाचा मालक यूलियस श्ट्रायखर याला न्यूरेंबर्गला फाशी झाली. युद्धकाळात तो लढला नव्हता, त्याने सैन्य चालवलं नव्हतं, आक्रमणाच्या कटाच्या आरोपातून तो सुटलाही होता. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी त्याला दोषी धरलं ते वर्षानुवर्षांच्या चिथावणीवरून. पुढे रुआंडातल्या ‘कांगुरा’ नियतकालिकाच्या संपादकालाही आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलं. तिथे ज्यांचा नरसंहार झाला त्या तुत्सींना झुरळं म्हटलं जात होतं.

माझ्या मांडणीची कसोटी पाहणारं उदाहरण मात्र १९७१चं आहे. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती, लक्षावधी लोक सीमा ओलांडत होते, तेव्हा कमरुल हसन या बंगाली चित्रकाराने पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान याचा चेहरा काढला : सुळे, विस्फारलेले डोळे, माणूस आणि हिंस्र पशू यांच्या मधलं काहीतरी. या जनावरांना ठार केलं पाहिजे, असं त्यावर लिहिलं होतं. ते पोस्टर मुक्तिसंग्रामाची खूण बनलं. कत्तल भोगणाऱ्या समाजातल्या चित्रकाराला संयम शिकवण्याचा अधिकार मला नाही. आणि चित्र म्हणून त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते : तो चेहरा एका माणसाचा आहे. हुकूम देणाऱ्या माणसाचा. तो पंजाबी शेतकऱ्याचा नाही, उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याचा नाही. पण मजकूर ‘या जनावरांना’ म्हणतो, आणि ती जनावरं किती व कोण, हे ज्याने त्याने ठरवायचं. त्या वर्षी आणि त्यानंतर तिथे स्थायिक झालेल्या उर्दूभाषक बिहारींवर सूड उगवला गेला, त्यात कुणालाही न मारलेली माणसंही गेली. त्याचा दोष पोस्टरवर टाकणं अन्यायाचं ठरेल. तरी चित्र जेवढं नेमकं होतं तेवढा मजकूर असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहतं.

कृत्य दाखवणाऱ्या चित्राचा आणखी एक गुण आहे आणि सत्ताधाऱ्यांना ते का आवडत नाही याचं कारणही तेच आहे. ते चित्र आपल्या बाजूलाही लागू पडतं. मार्च १९६८मध्ये व्हिएतनाममधल्या मी लाय गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो गावकरी मारले. अमेरिकी लष्कराचाच छायाचित्रकार रॉन हेबर्ली याने काढलेली छायाचित्रं पुढच्या वर्षी वृत्तपत्रात आली आणि वाटेवर पडलेल्या बायकामुलांच्या प्रेतांच्या त्या रंगीत छायाचित्राचं युद्धविरोधी पोस्टर झालं. गोरिलाच्या चित्राने हे काम कधीच झालं नसतं. शत्रू हा प्राणी आहे असं एकदा ठरलं की आपण केलेलं काहीच गुन्हा ठरत नाही. पिकासोच्या ‘गेर्निका’त तर शत्रू दिसतही नाही, एक विमानसुद्धा नाही. तरी एप्रिल १९३७मध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्याचा आरोप कुणावर आहे हे सगळ्या जगाला कळलं.

आज चित्र काढायला सरकारी खातं लागत नाही. मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं भारतीय विमानं पाडल्याचा पुरावा म्हणून फिरली, आणि फिलाडेल्फियात जानेवारीत झालेल्या विमान अपघाताचा व्हिडिओ कराची बंदर जळत असल्याचा म्हणून फिरला. ही खोटी दृश्यं यथावकाश उघडी पडली. मला त्यांच्याहून जास्त अस्वस्थ करते ती पुंछची घटना. ७ मे रोजी पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात तिथल्या मदरशातले एक शिक्षक मारले गेले. शत्रूने मारलेला भारतीय नागरिक. काही वृत्तवाहिन्यांनी त्यांचं छायाचित्र दहशतवादी म्हणून दाखवलं आणि पुंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. इथे छायाचित्र खरं होतं, मृत्यूही खरा होता. दाढी आणि टोपी पाहिल्यावर डोळ्यांनी पुढचं वाक्य आपोआप पुरं केलं. हे डोळे एका रात्रीत तयार झालेले नाहीत.

असंच १९१८च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात झालं. रॉबर्ट प्रागर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने झाडाला टांगलं. अमेरिकी नौदलात भरती होण्याचा प्रयत्न केलेला माणूस तो. ज्यांच्यावर खटला चालला ते सगळे निर्दोष सुटले. २००१च्या सप्टेंबरमध्ये ॲरिझोनात एका शीख पेट्रोलपंपमालकाला गोळी घातली गेली, कारण पगडी आणि दाढी पाहून मारणाऱ्याला शत्रू ओळखल्याचा भास झाला. ठरवून दिलेला चेहरा सीमेवर अडत नाही. तो गावात, रांगेत, शेजारच्या दुकानात सापडतो.

मग करायचं काय? नुसता कायदा पुरणार नाही. १९६६च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात कलम २० युद्धप्रचाराला बंदी घालतं, पण अनेक देशांनी त्या कलमातून सूट राखून ठेवूनच करार स्वीकारला आहे. आणि युद्धकाळात असल्या चित्रांचा सर्वांत मोठा उत्पादक सरकारच असतं, त्याच्याच हाती कात्री देऊन उपयोग नाही. त्याहून कामाचं आहे ते १९४९च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराचं कलम १३ : युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघेपणापासून संरक्षण दिलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९मध्ये पाकिस्तानने भारताच्या जखमी वैमानिकाचे व्हिडिओ प्रसारित केले तेव्हा भारताने याच तत्त्वावर निषेध नोंदवला आणि तो शंभर टक्के योग्य होता. हात बांधलेला, रक्ताळलेला माणूस आपल्या ताब्यातला असेल आणि दुसऱ्या देशाचा असेल, तेव्हाही तो व्हिडिओ पुढे न ढकलणं हे त्या निषेधातूनच येतं. सैन्याने ते पाळावं तसं आपणही पाळायला हवं, कारण आता प्रसारक आपणच आहोत.

संपादकांकडून माझी मागणी अधिक नेमकी आहे. ज्या छायाचित्रातल्या माणसाचं नाव, ठिकाण आणि आरोप तुम्हाला सांगता येत नाही, ते शत्रूचा चेहरा म्हणून दाखवू नका. आणि चूक झालीच तर मध्यरात्री खाली सरकणाऱ्या पट्टीत दोन ओळी टाकून सुटू नका. ज्या घरातल्या मृत माणसाला तुम्ही रात्री नऊच्या कार्यक्रमात दहशतवादी ठरवलंत, त्या घराला रात्री नऊचाच कार्यक्रम द्या, तेच छायाचित्र तेवढ्याच आकारात, तेवढीच मिनिटं, आणि त्याखाली त्यांचं खरं नाव.